पाहिले, वाचले, वाटले : मुलांबरोबर पक्ष्यांचा प्रकल्प करताना

प्राथमिक शाळेच्या वाचनालयात काम करताना दरवर्षी एक आठवडा असा येतो, की मधल्या सुट्टीत तिसरी-चौथीची मुले एकामागून एक येतात आणि एकच मागणी करतात : "बाई, मला पक्ष्याची माहिती हवी." कोणत्या पक्ष्याची, असे विचारले तर मोर, पोपट, गरुड किंवा पेंग्विन यांपैकी एक नाव लगेच येते. कोणती माहिती, असे विचारले की मात्र मुले थबकतात, कारण माहिती ही पुस्तकाच्या एखाद्या पानावर तयार ठेवलेली वस्तू आहे आणि ती वहीत उतरवून घेतली की प्रकल्प झाला, असा त्यांचा समज असतो. त्यात मुलांचा दोष नाही. सुरुवातीची काही वर्षे मीही योग्य ते पुस्तक काढून, योग्य ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवत होते.

माझी पद्धत बदलली ती एका मुलामुळे. त्याने साळुंकीवर दोन पाने सुवाच्य अक्षरात लिहून आणली होती. 'साळुंकी हा सर्वभक्षी पक्षी आहे' हे वाक्य वाचल्यावर मी त्याला सर्वभक्षी म्हणजे काय ते विचारले. तो जरा विचार करून म्हणाला, "सगळ्यांना खाऊन टाकणारा." शाळेच्या आवारात रोज दिसणारी साळुंकी त्याला ठाऊक होती, ती कोणाला खाऊन टाकत नाही हेही तो जाणत होता. तरीही ते वाक्य त्याने शंका न घेता लिहिले होते, कारण वहीतली साळुंकी आणि आवारातली साळुंकी यांचा परस्परांशी काही संबंध असतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. हा संबंध जोडून देणे हे माझे काम आहे, असे मला त्या दिवशी तीव्रतेने जाणवले.

तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला वहीच्या पानावर तीन उभे रकाने आखायला लावते आणि त्यांना 'पाहिले', 'वाचले' आणि 'वाटले' अशी नावे द्यायला सांगते. प्रकल्पात येणारे प्रत्येक वाक्य आधी यांपैकी एका रकान्यात बसले पाहिजे. स्वतःच्या डोळ्यांनी किंवा कानांनी जे टिपले ते पहिल्या रकान्यात जाते. पुस्तकातून, संगणकावरून किंवा जाणत्या माणसाकडून जे मिळाले ते दुसऱ्यात जाते, आणि त्यापुढे ते कुठून मिळाले तेही लिहावे लागते. मुलाच्या मनात जो अंदाज किंवा जी शंका आली, ती तिसऱ्यात जाते. नऊ वर्षांच्या मुलाला हा भेद समजेल का, अशी शंका काही सहकाऱ्यांनी घेतली होती. मुलांना तो फार लवकर समजतो. उलट एकदा समजला की ती मोठ्यांनाच अडवू लागतात. "पण हे तुम्ही पाहिलंय की वाचलंय?" असा प्रश्न मला आता नेहमी ऐकावा लागतो आणि तो ऐकून मला मनापासून आनंद होतो.

पक्षी निवडताना माझा आग्रह एवढाच असतो, की शक्यतो रोज दिसणारा पक्षी घ्यावा. पेंग्विनला माझी बंदी नाही. सम्राट पेंग्विनचा नर कडाक्याच्या थंडीत जवळपास दोन महिने पायांवर अंडे तोलून उभा राहतो, हे कळल्यावर ज्या मुलाला झोप लागत नाही त्याने पेंग्विनच घ्यावा. परंतु पेंग्विन घेतला की पहिला रकाना कोरा राहतो आणि मूल पूर्णपणे दुसऱ्याच्या शब्दांवर अवलंबून राहते. चिमणी, कावळा, कबूतर, साळुंकी, बुलबुल हे पक्षी मुलांना फार साधे वाटतात. त्यांना वाटणारा हा साधेपणा पंधरा मिनिटांच्या निरीक्षणाने नाहीसा होतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता मी त्याबाबत वाद घालत नाही, सरळ बाहेर घेऊन जाते.

बाहेर नेताना मी 'पक्षी बघा' असे कधी सांगत नाही, कारण ती सूचना फार मोठी आहे आणि तिने मुलांच्या हाती काहीच लागत नाही. मी एकच छोटा प्रश्न देते. हा पक्षी जमिनीवर कसा पुढे जातो? चिमणी दोन्ही पाय एकत्र उचलून टुणटुण उड्या मारते, तर साळुंकी एकेक पाय टाकत चालते, हे मुलांना पाच मिनिटांत दिसते आणि ते दिसल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर लपत नाही. दुसरा प्रश्न पाणी पिण्याचा. बहुतेक पक्षी चोचीत पाणी घेऊन मान वर करतात, म्हणजे ते घशात उतरते. कबूतर मात्र चोच पाण्यात बुडवून, मान वर न करता, सलग ओढून पिते. एका मुलीने हे लक्षात आल्यावर 'वाटले' या रकान्यात लिहिले होते : "कबुतराच्या चोचीत नळी असेल का?" त्या एका प्रश्नाने ती पुढचे तीन दिवस वाचत राहिली. चोच आतून कशी असते, जीभ कशी हलते, पिल्लांना भरवताना काय होते, असा तिचा शोध चालला होता. त्यातून तिला कळले की कबुतराचे नर आणि मादी दोघेही पिल्लांना गळ्यातल्या पिशवीत तयार होणारे दुधासारखे दाट अन्न भरवतात. हे तिला मी आधीच सांगितले असते, तर ते तिच्या वहीतले एक निर्जीव वाक्य होऊन राहिले असते.

निरीक्षणाच्या वेळी छायाचित्र काढण्याऐवजी चित्र काढावे, असा माझा दुसरा आग्रह असतो. छायाचित्र काढले की मुलाचे पाहणे तिथेच संपते. चित्र काढायला बसले की चोच किती लांब, शेपटी पंखांच्या पुढे किती येते, डोळ्याभोवती पिवळा भाग आहे तो पिसांचा की कातडीचा, अशा दहा गोष्टींसाठी पुन्हा पुन्हा वर पाहावे लागते. चित्र वाईट आले तरी चालते, हे मुलांना स्पष्ट सांगावे लागते. आकारासाठी मोजपट्टीचा उपयोग नसतो, म्हणून पक्षिनिरीक्षक ज्या तुलना वापरतात त्याच मुलांना द्याव्यात : चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, किंवा त्यांच्या मधला. ही तीन मापे मनात पक्की बसली की अनोळखी पक्ष्याचे वर्णनही मूल नेमके करू लागते, आणि मग ओळखपुस्तकात तो शोधणे खूप सोपे जाते.

आता दुसऱ्या रकान्याकडे येते, कारण खरी अवघड वाट तिथून सुरू होते. पहिली अडचण नावांची. एका मुलाने 'रॉबिन' या पक्ष्यावर माहिती गोळा केली होती आणि त्याच्या वहीत चिटकवलेल्या दोन चित्रांतले पक्षी एकमेकांसारखे मुळीच नव्हते. त्याची काही चूक नव्हती. युरोपातला रॉबिन हा लहानसा, नारिंगी छातीचा पक्षी आहे. तिथून उत्तर अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तिथल्या एका मोठ्या, तांबूस छातीच्या कस्तुराच्या जातीच्या पक्ष्याला घरच्या आठवणीने तेच नाव दिले. आपल्याकडेही एकाच पक्ष्याची चार नावे आणि एकाच नावाचे दोन पक्षी आढळतात. भारद्वाज आणि कुंभार कावळा हा एकच पक्षी आहे, हे अनेक मोठ्यांनाही ठाऊक नसते. अशा वेळी मी मुलांना शास्त्रीय नाव दाखवते. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५८ साली प्राण्यांना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत सर्वत्र लागू केली, ती याच गोंधळावरचा उपाय म्हणून आजही चालते. 'पॅसर डोमेस्टिकस' असे लिहिले की जगाच्या पाठीवर कोणालाही ती आपल्या ओळखीची चिमणी आहे हे कळते. मुलांना ही नावे पाठ करायला लावू नयेत. दोन पुस्तकांतले पक्षी एकच आहेत की नाहीत हे पडताळण्यासाठी ती वापरायला शिकवावीत, एवढे पुरते.

भाषेने करून दिलेला आणखी एक गैरसमज मला प्रत्येक वर्षी भेटतो. 'कोकिळा गोड गाते' हे वाक्य मुलांच्या कानांवर इतके बसलेले असते, की गाणारा पक्षी मादी आहे याबद्दल त्यांना शंकाच नसते. प्रत्यक्षात 'कुहू कुहू' अशी साद घालतो तो नर, म्हणजे काळाभोर, लाल डोळ्यांचा कोकीळ. मादी तपकिरी असते, तिच्या अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे असतात आणि तिचा आवाज 'किक् किक्' असा तुटक असतो. ती आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, एवढे मात्र मुलांना आधीपासून माहीत असते. अशा वेळी 'तुझे चुकले' असे म्हणण्यापेक्षा दोन्ही आवाज ऐकवावेत आणि कोणता कोणाचा ते पुस्तकातून शोधायला सांगावे. राजहंस दूध आणि पाणी वेगळे करतो किंवा चातक फक्त पावसाचे थेंब पितो, हीदेखील अशीच वाक्ये आहेत. ती वहीतून खोडावीत असे मला वाटत नाही. ती काव्यात शतकानुशतके नांदली आहेत आणि पक्ष्यांवर माणसांनी किती प्रेम केले याची ती खूण आहेत. म्हणून 'कवी असे म्हणतात' अशा नोंदीसह ती राहावीत, आणि त्यांच्या शेजारी चातक अळ्या आणि किडे खातो व आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो हेही असावे.

इतर देशांतून आलेल्या समजुतींचीही तपासणी याच पद्धतीने होते. शहामृग वाळूत डोके खुपसतो, हे वाक्य चित्रांच्या पुस्तकांतून अजून गेलेले नाही. शहामृगाचे घरटे म्हणजे जमिनीत उकरलेला खळगा असतो आणि त्यातली अंडी फिरवण्यासाठी तो मान खाली घालतो, त्यामुळे लांबून तसे दिसू शकते. घुबड मान पूर्ण गोल फिरवते, हेही असेच. ते सुमारे २७० अंशांपर्यंत फिरवू शकते, आणि ते तसे का करते हा प्रश्न अंशांच्या आकड्यापेक्षा कितीतरी चांगला आहे : त्याचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले असतात, ते आपल्यासारखे हलत नाहीत, म्हणून पूर्ण मान वळवावी लागते. माणसाच्या मानेत सात मणके असतात आणि घुबडाच्या मानेत चौदा, हे सांगितल्यावर वर्गातली सगळी मुले स्वतःची मान चाचपून पाहतात.

दोन पुस्तकांनी दोन वेगळे आकडे दिले की मुले अस्वस्थ होतात आणि 'बाई, खरे कोणते ते सांगा' असे म्हणतात. हा क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि इथे घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे. आर्क्टिक टर्न हा उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे आणि परत असा दरवर्षी प्रवास करणारा छोटा पक्षी. जुन्या पुस्तकांत त्याच्या वर्षभराच्या प्रवासाचा अंदाज सुमारे ४०,००० किलोमीटरच्या आसपास असे. नव्या पुस्तकांत सुमारे ७०,००० असे आढळते. पक्षी तोच आहे. फरक असा, की आधी लोक नकाशावर अंतर मोजून अंदाज करत होते, तर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रीनलँडच्या पक्ष्यांच्या पायांना जेमतेम दीड ग्रॅम वजनाची नोंदयंत्रे बसवली होती आणि पक्षी सरळ रेषेत न जाता वाऱ्याच्या आधाराने मोठी वळणे घेत जातात, हे त्यातून दिसले. हे समजल्यावर मुले पुस्तक उघडताच आधी ते कोणत्या वर्षी छापले आहे ते पाहू लागतात. जगात पक्ष्यांच्या जाती किती, याचेही तसेच. काही पुस्तकांत ९,००० लिहिलेले असते, आज ती संख्या सुमारे ११,००० मानली जाते, आणि याचे मुख्य कारण म्हणजे पूर्वी एक समजल्या गेलेल्या काही जाती तपासणीअंती वेगळ्या ठरल्या.

'हे माणसांना कळले कसे?' हा प्रश्न मी प्रत्येक प्रकल्पात एकदा तरी विचारायला लावते. स्थलांतराच्या बाबतीत त्याचे उत्तर एखाद्या गोष्टीसारखे आहे. हिवाळ्यात पक्षी कुठे जातात हे युरोपातल्या लोकांना फार काळ निश्चित माहीत नव्हते; पाकोळ्यांसारखे काही पक्षी कुठेतरी लपून झोपी जातात, असेही मानले जाई. १८२२ साली जर्मनीत एक पांढरा करकोचा मिळाला, त्याच्या मानेत आफ्रिकेतल्या बनावटीचा भाला अडकलेला होता. तो भाला मानेत घेऊन तो पक्षी आफ्रिकेतून युरोपापर्यंत उडत आला होता. तो करकोचा आजही रोस्टॉक विद्यापीठाच्या संग्रहात जतन करून ठेवला आहे. पुढे १८९९ साली डेन्मार्कमधल्या हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सेन यांनी मैनेच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत क्रमांक आणि पत्ता कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची कडी घालायला सुरुवात केली, आणि पक्ष्यांना कडी घालून त्यांचा माग काढण्याची शिस्तशीर पद्धत तिथून सुरू झाली. मॉर्टेन्सेन हे शाळेत शिक्षक होते, हे सांगितल्यावर मुले माझ्याकडे अपेक्षेने पाहतात, आणि मला ते फार आवडते.

संगणकावरच्या शोधाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याबाबत पालकांकडून मला सर्वाधिक विचारणा होते. लहान मुलाला शोधपेटीसमोर एकटे बसवू नये. पक्ष्याचे नुसते नाव टाकण्याऐवजी पूर्ण प्रश्न टाकायला शिकवावे, आणि वर आलेल्या पहिल्या उत्तरावर न थांबता ते कोणी लिहिले आहे हे एकत्र पाहावे. आवाज ऐकण्यासाठी २००५ पासून चालणारा झेनो-कँटो हा संग्रह उत्तम आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचे मर्लिन हे अ‍ॅप आवाज किंवा छायाचित्र यांवरून पक्ष्याचे नाव सुचवते, आणि २००२ साली सुरू झालेल्या ई-बर्डवर जगभरच्या निरीक्षकांच्या नोंदी पाहता येतात. मर्लिनने सुचवलेले नाव मात्र 'वाचले' या रकान्यात जाते, 'पाहिले' यात नाही. पक्षी स्वतः पाहून वर्णन जुळवल्याशिवाय ते पक्के मानायचे नाही, असा आमचा नियम आहे. अलीकडे यंत्राने तयार केलेली चित्रे शोधात मिसळलेली असतात आणि त्यांत मोराच्या पिल्लाला पूर्ण वाढलेला पिसारासुद्धा असतो, म्हणून चित्राखाली ते कोणी आणि कुठे टिपले हे लिहिलेले नसेल, तर आम्ही ते घेत नाही.

लिहायची वेळ आली की पुस्तके मिटवून बाजूला ठेवायची. मूल माझ्यासमोर बसते आणि आपल्या पक्ष्याबद्दल मला तोंडी सांगते. मी मधे फक्त 'म्हणजे काय?' आणि 'कशावरून?' एवढेच विचारते. त्याने जे सांगितले तेच, त्याच्याच शब्दांत, नंतर वहीत उतरते. या पद्धतीने लिहिलेला अहवाल लहान होतो, त्यात काही वाक्ये वाकडी असतात, आणि काही पालकांना तो फिका वाटतो. त्यांतल्या काहींनी घरी नेऊन तो स्वतः सुधारून, मजकूर छापून, रंगीत चौकटी काढून परत पाठवला आहे. त्यामागची माया मला समजते. पण असा सुधारलेला अहवाल वर्गापुढे वाचताना ते मूल अडखळते, कारण ते शब्द त्याचे नसतात. पालकांनी मदत करायचीच असेल तर सकाळी दहा मिनिटे मुलाबरोबर खिडकीत गप्प उभे राहावे; त्याहून मोठी मदत मला सुचत नाही.

पक्ष्यांच्या बाजूनेही काही सांगणे भाग आहे. घरटे सापडले की प्रकल्पाच्या उत्साहात मुले जवळ जातात, फांदी वाकवतात, अंडी मोजतात. विणीच्या काळात घरट्यापासून लांबच राहावे आणि नोंदवलेला आवाज वाजवून पक्ष्याला पुन्हा पुन्हा बोलावू नये, कारण आपल्या हद्दीत दुसरा पक्षी घुसला असे समजून तो पिल्लांना सोडून त्याच्या मागे लागतो. जमिनीवर बसलेले, अंगावर पिसे आलेले पिल्लू पाहिले की ते उचलून घरी आणावेसे वाटते. बहुतेक वेळा ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच असतात. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, हा समज मात्र खरा नाही. म्हणून मांजर किंवा रस्ता यांचा धोका असेल, तर पिल्लू अलगद उचलून जवळच्या झुडपात ठेवावे आणि दूर व्हावे.

अहवालाच्या शेवटच्या पानावर मुले आपली माहिती कुठून आली ते लिहितात. पुस्तकाचे नाव आणि छापल्याचे वर्ष, कोणत्या संग्रहातला आवाज ऐकला ते, आणि स्वतःच्या निरीक्षणाची तारीख व वेळ, एवढे सगळ्यांना जमते. साळुंकीवर लिहिणाऱ्या त्या मुलाने पुढच्या वर्षी पुन्हा साळुंकीच घेतली. त्याच्या शेवटच्या पानावर तीन पुस्तके होती, सात दिवसांच्या सकाळच्या नोंदी होत्या, 'आजोबांनी सांगितले, मी अजून पाहिले नाही' असे एक वाक्य होते, आणि 'वाटले' या रकान्यातून जसाच्या तसा उतरवलेला एक प्रश्न होता : साळुंक्या संध्याकाळी एकाच झाडावर जमून इतका आरडाओरडा करतात, तेव्हा त्या एकमेकींचे ऐकतात का? आम्ही दोघांनी त्यावर अजून वाचन चालू ठेवले आहे.